कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढण्याआधी

कौटुंबिक न्यायालये 1984च्या कायद्याने आली. इथे सरसकट वकील देण्याचा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते आणि ती बहुधा मिळते. खटला आधी विवाह समुपदेशकाकडे जातो. तिथे नांदायला जाण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, तेव्हा मनातले स्पष्ट सांगावे.

परस्पर संमतीने घटस्फोट हवा असेल, तर हिंदू विवाह कायद्यानुसार अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. त्यानंतरचा सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले.

खरी ओढाताण होते ती पोटगीवरून. निकाल लागेपर्यंत घर चालायचे कसे? त्यासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या निवाड्यानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लांबवू नका. पगाराच्या स्लिपा, पासबुक, मुलांच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले आजच एका फायलीत लावा. नवऱ्याच्या पगाराचा नुसता तोंडी आकडा फारसा उपयोगी पडत नाही.

मुलांचा ताबा ठरवताना त्यांचे हित सर्वांत आधी पाहिले जाते. मुलांना निरोप्या करू नका.

स्त्रियांना, कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 या क्रमांकावर फोन करा. घरात मारहाण होत असेल, तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे.