वानराला केळे देताना

आपल्या सीमाभागातील घरांत मराठी-कन्नड नांदते, तशी पांढुर्णा-सौंसरच्या घरांत मराठी-हिंदी. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरजवळचा जामसावळीचा निद्रिस्त हनुमान प्रसिद्ध आहे. मारुतीला नारळ आणि दिसेल त्या वानराला केळे, ही रीत तिकडचीच नव्हे, आपलीही. भाव खरा, पण परिणाम?

वानर मूळचे पाला खाणारे. त्याच्या कप्प्याकप्प्यांच्या पोटात सूक्ष्मजंतू पाला आंबवून पचवतात. रोज गोड केळी-बिस्किटे मिळाली, की ही घडी विस्कटते. शिवाय माणसाची भीती जाते. मग बागेत खेळणाऱ्या मुलाच्या हातातला डबा ओढला जातो. चावले तर रेबीजच्या लशीसाठी धावाधाव. रस्त्याकडेला खाऊ टाकला, तर पिल्ले गाडीखाली येतात. धीट झालेली टोळी संत्र्याच्या बागेत शिरते, तेव्हा नुकसान शेतकऱ्याचे होते, केळे देणाऱ्याचे नव्हे.

आजी ‘मंग’ म्हणो की नात ‘वानर’, दोघींनी लांबूनच हात जोडावेत. प्रसाद माणसांत वाटावा. झाडाचा पाला त्याला पुरेसा आहे. ते झाड तेवढे आपण राखू या.