किडीनेंच किडीचा निर्वंश

दिवाळीची सुटी संपवून आमच्या वसतिगृहांतील एक विद्यार्थी यवतमाळ जिल्ह्यांतील आपल्या गांवाहून परत आला, तेव्हां त्यानें घरच्या शेतांतील कपाशीचें एक बोंड बरोबर आणलें होतें. बाहेरून तें हिरवेंगार व निर्दोष दिसत होतें. चाकूनें चिरून पाहतां आंत दोन सरक्या एकमेकींस चिकटलेल्या आढळल्या, व त्यांच्या आड सुमारें अर्ध्या इंचाची एक गुलाबी अळी स्वस्थ बसलेली होती. हीच गुलाबी बोंडअळी. शास्त्रज्ञ तिला पेक्टिनोफोरा गॉसिपिएला म्हणतात. पण तिनें पोखरलेला कापूस ज्यांस पडत्या भावानें विकावा लागतो, त्या आमच्या पालकांस तिची ओळख करून देण्याचें प्रयोजन नाहीं.

अंड्यांतून निघतांच ही अळी कळींत किंवा कोंवळ्या बोंडांत शिरते. शिरतांना पडलेलें छिद्र भरून येतें आणि मग वरून कितीहि औषध फवारलें तरी तें तिजपर्यंत पोंचत नाहीं. बीटी कपाशीचें बियाणें २००२ सालीं आपल्या देशांत आलें, २००६ सालीं त्यांत दुसऱ्या कीडनाशक गुणाची भर पडली. परंतु अळी हळूहळू दोहोंसहि सरावली व २०१७ सालीं तिनें विदर्भाच्या पिकाची दैना केली. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषधें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. तेव्हां विषावांचून कीड आवरण्याचा कांहीं मार्ग आहे काय, हा प्रश्न आमच्या मुलांस पुस्तकी वाटत नाहीं.

असा एक मार्ग आहे, आणि तो प्रथम ऐकणारास हंसूं येईल असा आहे. कीड कमी करावयाची असेल तर तीच कीड लक्षावधींच्या संख्येनें पाळावी, आणि शेतांत सोडून द्यावी! मात्र सोडण्यापूर्वीं तिला निर्बीज करावें लागतें.

क्ष-किरणांनीं माशीच्या आनुवंशिक द्रव्यांत बदल घडतात हें मुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२७ सालीं दाखविलें. निप्लिंग व बुशलंड हे त्याच देशांतील शेतकी खात्याचे कीटकशास्त्रज्ञ त्यानंतर गुरांच्या जखमांत अंडीं घालणाऱ्या एका माशीच्या मागें लागले होते. तिच्या अळ्या जिवंत जनावराचें मांस खातात. ही मादी बहुधा आयुष्यांत एकदांच समागम करते, हें त्यांच्या ध्यानीं आलें होतें. तो एक समागम निर्बीज नराशीं घडला, तर तिचीं सर्व अंडीं फुकट जावयाचीं! १९५४ सालीं वेस्ट इंडीजमधील क्यूरासाओ बेटावर विमानांतून असे नर सोडण्यांत आले, आणि कांहीं महिन्यांत तेथील शेळ्यांच्या जखमांत ती अळी सांपडेनाशी झाली.

हें कसें घडतें तें पाहण्यास पाटी-पेन्सिल पुरे. समजा, एका शिवारांत हजार नर व हजार माद्या आहेत, आणि प्रत्येक जोडप्यामागें पुढील पिढींत एकच जोडपें जगतें. तेथें आपण नऊ हजार निर्बीज नर सोडले. आतां दहा नरांत एकच खरा. म्हणून हजार माद्यांपैकीं शंभरांसच संतति होईल. पुढील पिढीस पुन्हां नऊ हजार सोडले, तर एक्याण्णव नरांत एक खरा, आणि शंभर माद्यांपैकीं जेमतेम एकीस संतति होईल. आतां फवारणीचा हिशेब घ्या. ती दर खेपेस शंभरांतील नव्वद मारते असें धरलें, तर हजारांचे शंभर, शंभरांचे दहा, दहांचा एक. औषधाचें बळ दर वेळीं तेवढेंच राहतें. निर्बीज नरांचें बळ मात्र शत्रु घटेल तसतसें वाढत जातें. ह्या पद्धतीचें सारें मर्म एवढ्यांत आहे, आणि तिची अडचणहि ह्यांतच आहे. शिवारांत हजारांऐवजीं दहा लक्ष पतंग असतील, तर नऊ हजारांची फौज समुद्रांत मिठाचा खडा टाकल्यासारखी होय.

किरणांविषयीं कित्येक पालकांच्या मनांत भय असतें, म्हणून दोन शब्द. कोशांतून बाहेर पडण्याच्या सुमारास किड्यावर कोबाल्ट-६० ह्या धातूचे गॅमा किरण मोजक्या प्रमाणांत सोडतात. त्यांनीं बीजपेशींतील गुणसूत्रें तुटतात. किडा मात्र उडतो, जोडीदार शोधतो. अंडें पडतें, पण त्यांतील गर्भ वाढत नाहीं. छातीचें क्ष-किरण चित्र काढून आलेला मनुष्य जसा स्वतः किरण फेंकूं लागत नाहीं, तसाच हा किडाहि नाहीं.

आतां आमच्या बोंडअळीकडे वळूं. ती अमेरिकेंतहि पोंचली होती. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यांत १९६८ सालापासून तिचे निर्बीज पतंग सोडण्यांत येऊं लागले. इवल्या पतंगांचे नर-मादी निवडीत बसणें अशक्य. म्हणून दोन्ही सोडतात. अळ्यांच्या खाद्यांत लाल रंग मिसळलेला असे. सांपळ्यांत आलेला पतंग चिरडतांच आंतून लाल निघाला कीं तो आपला, नाहीं तर शत्रूचा! ही युक्ति आम्हांस फार आवडली. पुढें २००६ पासून ॲरिझोनांत बीटी कपाशी व निर्बीज पतंग ह्यांची जोड घातली गेली. बीटीनें संख्या खालीं आणली, उरलेल्यांचा समाचार विमानांतून सोडलेल्या अब्जावधि पतंगांनीं घेतला, आणि २०१८ सालीं अमेरिकेंतील कापूस ह्या अळीपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. कॅलिफोर्नियांतील खर्चासाठीं शेतकऱ्यांनीं कापसाच्या गांठीमागें स्वतःवर पट्टी बसवून घेतली होती, हेंहि नमूद केलें पाहिजे.

मग विदर्भांत हेंच कां नको? आमच्या येथें बीटीनें संख्या खालीं आणण्याचें काम आतां होत नाहीं. शिवाय पिकाची फरदड ठेवल्यानें अळीस उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न मिळत राहतें. आणखी एक गोष्ट. एकट्या शेतकऱ्यानें निर्बीज पतंग सोडून कांहींच साधत नाहीं; शेजारच्या बांधावरून फळलेली मादी उडून आली कीं त्याचा खर्च पाण्यांत! तालुकाच्या तालुका एकदम उभा राहील तरच हें गणित जमतें. गुरांच्या त्या माशीस अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पनामापर्यंत मागें रेटलें होतें. तीसुद्धां २०२३ पासून बांध फोडून उत्तरेस सरकली व २०२४ च्या नोव्हेंबरांत मेक्सिकोंत आढळली. पहारा ढिला पडलेला ह्या शत्रूस चालतो.

आपल्या देशांत ही विद्या नवी नव्हे. मुंबईजवळ तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत नारळाचें झाड पोखरणाऱ्या तांबड्या सोंडकिड्याचे नर किरणांनीं निर्बीज करण्याचे प्रयोग झाले आहेत. नागपुरांत वर्धा रस्त्यावर १९७६ सालीं स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञ शेतकऱ्यांस आज सांगतात तें असें: फरदड ठेवूं नये, पऱ्हाट्या वेळींच उपटून त्यांची विल्हेवाट लावावी, कामगंध सांपळे लावून पतंग मोजावे. हीं कामें हलकीं दिसतात. पण दहा लक्षांचे हजार करण्याचें काम तींच करूं शकतात, आणि निर्बीज पतंगांचें गणित त्या हजारांपासूनच सुरू होतें.

त्या विद्यार्थ्यानें आणलेलें बोंड आम्हीं विज्ञानाच्या खोलींत जाळीदार झांकणाच्या बरणींत ठेवलें आहे. अळी अजून त्या दोन सरक्यांच्या मध्येंच आहे.