कंपवात आणि आपले बोलणे

आमचे मामा खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. पाढे म्हणू लागले की आवाज चावडीपर्यंत जाई. म्हातारपणी त्यांना कंपवात झाला. हात थरथरतो हे साऱ्यांना दिसले. पण घरात खरा घोटाळा झाला तो बोलण्यामुळे. मामा विचारीत, "जेवलीस?" आणि मामी गप्पच! आपल्या मराठीत 'जेवलीस' हे विधान की प्रश्न, हे शेवटी चढणाऱ्या सुरावरून कळते. मामांचा सूर चढेनासा झाला होता. चेहराही निर्विकार. मामींना वाटे, हे रागावलेत.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या झिजत गेल्या की हालचाली मंद आणि लहान होतात. पाऊल तोकडे पडते, अक्षर बारीक होते. आता बोलणे म्हणजे तरी काय? छाती, कंठ, जीभ, ओठ यांची हालचालच ना? म्हणून आवाजही बारीक होतो, सपाट होतो. कुणाचे शब्द एकमेकांवर आदळतात, तर कुणाला वाक्य सुरू करायलाच वेळ लागतो.

गंमत अशी, की रोग्याला आपला आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो. "मोठ्याने बोला" म्हटले, की मामा म्हणत, "ओरडतोच तर आहे!" औषधांनी हातापायांना येतो तितका गुण आवाजाला बहुधा येत नाही. त्यासाठी शिकवणी लागते. १९८७ साली अमेरिकेत लॉरेन रामिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्याने बोलण्याची एक पद्धत बसविली: आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे. वाचाउपचार जाणणाऱ्याकडून ती शिकावी.

घरच्यांनी काय करावे? समोर बसावे. रेडिओ चालू असेल तर खुशाल बंद करावा, आम्हांला राग नाही! त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये, थांबावे. आणि चेहऱ्यावरून मनाचा अंदाज बांधू नये.

मी भाषेचा मास्तर. मामांना एकच अक्षर सुचविले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच सपाट सुरात विचारले, "जेवलीस का?"

मामी लगेच म्हणाल्या, "तुमच्यासाठीच थांबलेय."