भोकरदनची बाई पॉम्पेईत कशी पोचली?

प्रश्नमंजूषेत जालना जिल्ह्यावरचा प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो. समर्थ रामदासांचं जन्मगाव कोणतं? सूत्रसंचालकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत तीन बाकांवरून 'जांब!' येतं. मग जिल्ह्याची स्थापना, 1 मे 1981. तालुके आठ. झालं. गाइडात जालन्याला अर्धं पान मिळतं आणि पोरं ते पाठ करून येतात. खरी मजा त्या अर्ध्या पानाच्या बाहेर आहे.

भोकरदनच घ्या. केळना नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. सातवाहनांच्या काळात त्याचं नाव भोगवर्धन होतं. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांकडे परमुलखातल्या स्तूपाला दान देण्याइतका पैसा खुळखुळत होता. पैठण-तेरकडून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे गाव, तेव्हा पैसा कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

आता इटलीत चला. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. तिथे 1938 साली उत्खननात एका घरात हस्तिदंताची एक बाई सापडली. उंची जेमतेम वीतभर, पंचवीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. गळ्यात हार, हातापायांत कडी-वाळ्यांची चळत, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या तिवईचा पाय, असं म्हणतात. अंगावरचे दागिने सरळसरळ भारतीय. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' असं नाव पडलं. ती लक्ष्मीच आहे की यक्षी, हा वाद वेगळा. सध्या तिचा मुक्काम नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

ही बाई मथुरेकडची, असं आधी समजत. पुढे 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. त्यात याच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, तुटकी, पण ओळख पटेल अशी. तेव्हापासून पॉम्पेईची बाई भोकरदनच्याच कारागिरांच्या हातची असावी, या मताचं वजन वाढलं. 'असावी' हा शब्द स्पर्धकांनी गाळू नये, परीक्षक तिथेच पकडतात.

दुसरा मुक्काम असई, जालना जिल्ह्यातलंच गाव. 23 सप्टेंबर 1803. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य उभं होतं, तोफा शंभरच्या घरात. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, त्याच्याकडे दहा हजारांच्या आतबाहेर माणसं. त्याला बाजूने नदी उतरून यायचं होतं. वाटाडे म्हणाले, इकडे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली, तर नदीच्या दोन तीरांवर दोन गावं समोरासमोर दिसली. त्याने हिशेब केला: दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत, म्हणजे त्यांचं येणंजाणं असणार आणि येणंजाणं असेल तर पाण्यातून वाट असणारच. उतार सापडला. लढाई त्याने जिंकली, पण दीड हजारांवर माणसं जायबंदी किंवा ठार झाली. मराठ्यांच्या तोफखान्याने काय मार दिला, ते या आकड्यावरून कळतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवगावचा आणि सुर्जी-अंजनगावचा तह झाला. पहिला भोसल्यांशी, दुसरा शिंद्यांशी. ही जोडी उलटी सांगून कित्येकांनी गुण घालवले आहेत.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. तरी आपली सर्वांत सरस लढाई कोणती, असं विचारल्यावर त्याने नाव घेतलं ते असईचं. इथे आणखी एक खड्डा आहे. त्या वेळचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली म्हणजे रिचर्ड, आर्थरचा थोरला भाऊ. तैनाती फौजेचा प्रश्न आला की रिचर्ड, असईचा आला की आर्थर.

'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण इथल्या बाजारपेठेवरून पडली. आजचं सोनं म्हणजे बियाणं, लोखंड आणि मोसंबी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. त्यांच्या बियाण्याच्या कामाची सुरुवात भेंडीपासून झाली होती. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. नावावरून हा पुरस्कार संयुक्त राष्ट्रांचा वाटतो, पण नाही. तो नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि 1987 चा पहिलाच पुरस्कार डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना मिळाला. लोखंडाची तर गंमतच: जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही, तरी बांधकामाच्या सळया म्हटलं की जालना. भंगार वितळवून इथे सळया ओढतात. मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

उरलं ते अर्धं पान. तेही तपासून घ्या. 1981 मध्ये हा जिल्हा मुख्यतः औरंगाबादमधून निघाला, पण परतूर तालुका परभणीचा होता, हे उत्तरात राहून जातं. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्गही वेगळा झाला. औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.

आणि मुलांनो, हातातल्या पुस्तकाचं छपाईचं वर्ष बघा. जालना नगरपरिषदेची महानगरपालिका 2023 मध्ये झाली, राज्यातली एकोणतिसावी. पुस्तक त्याआधीचं असेल, तर त्यातला महानगरपालिकांचा आकडा आजच पेन्सिलीने दुरुस्त करा.