त्वचाशुष्कता
त्वचा कोरडी पडून खाज सुटण्याचा विकार. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या शृंगी थरातील स्निग्ध पदार्थ घटले म्हणजे त्यात पाणी टिकत नाही. त्वचा खरखरीत होऊन तिला बारीक भेगा पडतात. हा विकार वृद्धांत व हिवाळ्यात, विशेषतः नडग्यांवर, अधिक आढळतो. कढत पाणी व तीव्र साबण यांमुळे तो बळावतो. खाजविल्याने त्वचेस इजा होऊन खाज आणखी वाढते.

उपचार : कोमट पाण्याने स्नान करून अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा तत्सम मलम लावावे. पुरळ नसताना खाज काही आठवडे टिकल्यास वृक्क (मूत्रपिंड), यकृत, अवटू ग्रंथी किंवा रक्त यांच्या विकारांसाठी तपासणी आवश्यक असते. रात्री वाढणारी व घरातील इतरांसही सुटणारी खाज बहुधा खरजेची असते. अशा वेळी सर्व कुटुंबियांवर उपचार करावे लागतात.