दोन मित्र, एक रस्ता



रविवारी सकाळी मित्राबरोबर पायी फिरायला निघालो की वाटेत चहा होतो, गप्पा होतात आणि मन हलके होते. अशाच फिरण्यातून दोन मित्रांनी केवढे काम केले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

ही गोष्ट अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराची. गॅरी विनोग्रँड यांचा जन्म १९२८ चा, जोएल मायरोविट्झ यांचा १९३८ चा. दोघेही त्याच शहराच्या ब्रॉन्क्स भागातले. विनोग्रँड मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी छायाचित्रे काढून पोट भरत. मायरोविट्झ जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला होते. १९६२ साली त्यांनी रॉबर्ट फ्रँक या छायाचित्रकाराला काम करताना पाहिले आणि नोकरी सोडली. जवळ कॅमेरा नव्हता, तो साहेबांनीच उसना दिला!

पुढे दोघांची मैत्री जमली. पोटापाण्याचे काम नसेल तेव्हा कॉफी पिऊन ते फिफ्थ ॲव्हेन्यू या गजबजलेल्या रस्त्यावर चालू लागत. हातात लहान कॅमेरा, पण कोणाचा हुकूम नाही की कोणाचे पैसे नाहीत. कचेरीतून सुटलेली माणसे, नटलेल्या बायका, भिंतीवरचे ऊन, जे दिसेल ते टिपायचे. विनोग्रँड बहुधा काळीपांढरी चित्रे काढत. मायरोविट्झ रंगीतही काढत. रस्ता एकच, पण प्रत्येकाची नजर वेगळी. वर्गात दोन मुले एकाच बाकावर बसून निराळी चित्रे काढतात, तसेच हे.

विनोग्रँड यांची एक सवय होती. काढलेला रोल ते लगेच धूत नसत. काढतानाचा आनंद विसरला म्हणजे चित्राची खरी पारख होते, असे त्यांना वाटे. पुढे ते लॉस एंजेलिसला गेले. तिथे मित्र मोटार चालवी आणि ते शेजारी बसून चित्रे काढत. १९८४ साली कर्करोगाने ते वारले, तेव्हा न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले होते. एका रोलवर छत्तीस चित्रे धरली तर ९०,००० होतात! काढणाऱ्याने ती कधी पाहिलीच नाहीत. १९८८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी ते रोल दुसऱ्यांनी धुतले.

हे वाचून आम्हाला घरची पेटी आठवली. तिच्यात आजा-आजीच्या वेळची छायाचित्रे आहेत, लग्नाची आणि झाकरीची. त्यांतील माणसांची नावे फक्त आत्याला ठाऊक होती. उद्या विचारू म्हणता म्हणता आत्या गेली. चित्रे आहेत, नावे गेली. दोष आमचाच.

आपल्या मॉरिशसमध्ये अशा पेट्या घरोघरी असतील. येत्या रविवारी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, चहा घ्या आणि प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवा.