मेणबत्तीतील दोन मेणे : सोया आणि पॅराफिन

विद्यार्थी मित्रहो, मेणबत्ती पेटते तेव्हा नेमके काय जळते? वात, असे तुम्ही म्हणाल. पण वात हे केवळ साधन आहे. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्याने दिली, ती याच साध्या मेणबत्तीवर!

हल्ली घरी मेणबत्त्या आणि बिनवातीच्या सुगंधी मेणाच्या वड्या करणारे लोक दोन मेणे वापरतात. पॅराफिन मेण खनिज तेलापासून मिळते. सोया मेण सोयाबीनच्या तेलापासून करतात. निकेल या उत्प्रेरकाच्या साहाय्याने तेलाशी हायड्रोजनचा संयोग घडवला की तेल घट्ट होते. वनस्पती तूप याच रीतीने तयार होते. सोयाबीन विदर्भ-मराठवाड्यात भरपूर पिकते; पण त्याच्या मेणाच्या मेणबत्त्या प्रथम अमेरिकेत, १९९० नंतरच्या दशकात रूढ झाल्या.

आता थोडे गणित करू. पॅराफिनमधील एका नमुनेदार रेणूत कार्बनचे २५ व हायड्रोजनचे ५२ अणू असतात. घट्ट झालेल्या सोया तेलातील एका प्रमुख रेणूत कार्बनचे ५७, हायड्रोजनचे ११० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. अणुभार घेऊन वहीत आकडेमोड करा. पहिल्यात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन निघेल, दुसऱ्यात सुमारे ७७ टक्के. सोयात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन आधीच बांधलेला असतो. म्हणून एक ग्रॅम सोया मेण जळताना पॅराफिनपेक्षा थोडी कमी उष्णता देते.

दोघांचे गुणदोषही निराळे आहेत. पॅराफिन कडक असते. थंड होताना ते बरेच आकसते. त्यामुळे साच्यातून सहज सुटते, पण वातीभोवती खळगा पडतो. सोया मेण मऊ असते. ते वाटीला चिकटून राहते, परंतु उभ्या मेणबत्तीला लागणारा ताठपणा त्यात कमी. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर पांढुरके डाग उमटतात. ती बुरशी नव्हे, मेणाचेच स्फटिक! दोन्ही मेणे एकत्र केली, की कडकपणा वाढतो आणि डाग कमी होतात. मिश्रणाचे मर्म हेच.

मग अधिक चांगले कोणते? प्रयोगानेच ठरवू. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. मेणाचे भांडे थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण वितळवा. मेणाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी मुळीच टाकू नका. झाकण ठेवून आग विझवा. एकसारख्या तीन स्टीलच्या वाट्या घ्या. पहिलीत ६० ग्रॅम पॅराफिन, दुसरीत निम्मे-निम्मे मिश्रण, तिसरीत ६० ग्रॅम सोया मेण ओता. तिन्हींत एकाच जाडीची वात लावा. मेण घट्ट झाल्यावर वाट्यांचे वजन करा, मेणबत्त्या एक तास जाळा आणि पुन्हा वजन करा.

सोया मेणाचे वजन बहुधा सर्वांत कमी घटेल. पण लगेच निकाल देऊ नका! वितळलेले सोया मेण अधिक दाट असते, म्हणून त्याच वातीतून ते कमी चढते आणि ज्योतही लहान राहते. आता सोयासाठी जाड वात घेऊन प्रयोग पुन्हा करा. मेणबत्ती 'जास्त टिकली' म्हणजे काही वेळा ती कमी जळली, इतकाच अर्थ असतो.

काजळीचेही असेच आहे. 'सोया मेणाला काजळी धरत नाही' हे म्हणणे पूर्ण खरे नाही. वात फार लांब असेल किंवा ज्योत वाऱ्याने हलत असेल, तर दोन्ही मेणे काजळी धरतात. वात सुमारे ५ मिलिमीटर ठेवा आणि फरक पाहा.

तेव्हा मित्रहो, कोणते मेण चांगले, असे विचारण्यापूर्वी ते कशासाठी हवे आणि त्याला कोणती वात लावली, हे विचारा. प्रश्न नेमका असेल, तरच तराजू खरे उत्तर देतो.